घरच्या हाऊंडला माग काढायला शिकवताना: मुठीतल्या खाऊपासून माळावरच्या वळणांपर्यंत

कोल्हापुरात बीगल पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते: बाहेर काढला की नाक जमिनीला चिकटतं आणि मग कितीही हाका मारा, ऐकू येत नाही. कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांची तक्रार उलटी: लांबवर काहीतरी हललं की हातातली दोरी गेलीच. माग काढायचा खेळ या दोघांच्याही कामाचा आहे. बीगलचं नाक नाहीतरी चालूच असतं, ते तुमच्या सोबतीनं चालायला लागतं. कारवान-मुधोळ मुळात नजरेवर धावणारे. त्यांना मान खाली घालून सावकाश काम करायची सवय लागते.

इथल्या पायऱ्या घरच्या कुत्र्यासाठी आहेत. यातून पोलिसांच्या पथकातला श्वान तयार होणार नाही. गवतात पडलेली गाडीची किल्ली किंवा शेताच्या पलीकडे लपलेली घरातली पोरं मात्र तो शोधून काढेल.

कुत्रा नक्की कशाचा वास घेतो

माणूस गवतावरून चालत गेला की मागे दोन प्रकारचे वास राहतात. पायाखाली चिरडलेल्या गवताचा आणि दबलेल्या मातीचा एक. अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या बारीक कणांचा दुसरा. हे कण वाऱ्याबरोबर थोडे बाजूला सरकतात आणि खड्ड्यात, बांधाच्या कडेला, गवताच्या बुडात साठून राहतात. त्यामुळे कुत्रा कधी पावलावर पाऊल ठेवून जातो, तर कधी चार हात बाजूनं. बाजूनं गेला म्हणून चुकला असं लगेच समजू नका, आधी वारा कुठून आहे ते बघा.

ओलाव्यात वास टिकतो, कोरडा वारा आणि कडक ऊन तो उडवून लावतात. तापलेल्या डांबरावर फारसं काही उरत नाही. त्यात उन्हात कुत्रा धापा टाकायला लागला की श्वास तोंडानं चालतो आणि हुंगणं जवळपास थांबतं. म्हणजे जात कुठली याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, तुम्ही त्याला किती वाजता बाहेर काढता याला महत्त्व आहे.

आधी काय काय जमवायचं

सामान फार लागत नाही, पण हार्नेसवर, म्हणजे गळ्याऐवजी छाती-खांद्यांवर बसणाऱ्या पट्ट्यावर, पैसे वाचवू नका.

- हार्नेस: छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा. गळपट्ट्याला लांब दोरी कधीही बांधू नये. झटका बसला की सगळा भार मानेवर येतो. कारवान-मुधोळची छाती खोल आणि कंबर बारीक असते, त्यामुळे साध्या हार्नेसमधून ते मागे सरकून सहज निसटतात. त्यांना बरगड्यांच्या मागे, कंबरेजवळ, तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्या.
- लांब दोरी: सुरुवातीला ५ मीटर, नंतर १० मीटर. साधारण दीड सेंटिमीटर रुंदीची चपटी पट्टी असली तर गवतात कमी अडकते. गोल नायलॉनची दोरी हातातून सरकली की कातडं सोलते.
- हातमोजे: बागकामाचे चालतील.
- खाऊ: उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. तुकडा वाटाण्याएवढा. वजनाला साधारण ११ किलो असलेल्या बीगलला दिवसभरात ४० ग्रॅम चिकन खाऊ म्हणून पुरे. त्यात असे पन्नासएक तुकडे होतात. दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग खाऊचा नको, आणि तेवढं जेवण त्या दिवशी कमी करा. उकडलेली कलेजी कुत्र्यांना वेड लावते, पण ती शेवटच्या बक्षिसापुरती; जास्त झाली तर पोट बिघडतं.
- खुणा: बांबूच्या काड्यांना बांधलेल्या रंगीत चिंध्या, किंवा कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे.
- झाकणाचा छोटा डबा: मागाच्या शेवटी ठेवायला.
- वही-पेन, पाणी, पाण्याचं भांडं.
- कागदपत्रं: लसीकरणाचं कार्ड आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, फोनमध्ये फोटो असू द्या. शहराच्या हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या नोंदणीची महापालिकेत चौकशी करून घ्या. शेतात जाणार असाल तर मालकाची परवानगी, तोंडी का असेना, आधी हवी.

खाऊच्या बाबतीत आपल्या भागात एक धोका ठरलेला आहे: उरलेल्या रश्श्यातलं मटण. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि कांदा-लसूण चटणीशिवाय आपल्याकडे रस्सा होत नाही. पाण्यानं धुऊन दिला तरी तो तुकडा चालत नाही. द्राक्षं आणि बेदाणेही वर्ज्य, एखादाही नको. त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिजवलेली हाडं, चॉकलेट, बिनसाखरेची च्युइंगम हे तर नाहीच नाही.

पिल्लू असेल तर घरातले खेळ आठ-दहा आठवड्यांपासून सुरू करता येतात. बाहेरच्या जमिनीवर मात्र प्राथमिक लसींचा क्रम पूर्ण झाल्यावरच, पशुवैद्यांना विचारून. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

पायरी १: कुठल्या मुठीत?

घरात, शांत खोलीत. एका मुठीत खाऊ, दुसरी रिकामी. दोन्ही मुठी कुत्र्याच्या नाकासमोर धरा. योग्य मुठीवर नाक टेकलं की लगेच मूठ उघडा. पंजा मारला, चावा घेतला, भुंकला तर मूठ बंदच. तोंडानं काही बोलायचं नाही. पाच-सहा वेळा झालं की बंद करा.

नाक टेकवलं की मिळतं, एवढंच इथे शिकवायचंय. दोन-तीन दिवसांत हे येतं. आलं की मूठ उघडण्याच्या जरा आधी शब्द जोडा. «हुडक» हा शब्द चांगला: तोकडा आहे आणि रोजच्या बोलण्यात कुत्र्याशी कुणी उगाच वापरत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा आणि एकदाच म्हणायचा. «हुडक, हुडक, अरे हुडक की» असं चाललं तर तो शब्द म्हणजे तुमची नेहमीची बडबड आहे असं त्याला वाटतं.

पायरी २: इडलीपात्र

इडलीची एक ताटली घ्या. सगळ्या खळग्यांत एकेक तुकडा ठेवा आणि वर गुंडाळलेले मोजे किंवा जुने टेनिसचे चेंडू. कुत्रा चेंडू ढकलून खातो. दुसऱ्या दिवशी निम्म्या खळग्यांत, तिसऱ्या दिवशी एकाच. स्टीलची ताटली फरशीवर घसरते आणि आवाज करते. भित्रा कुत्रा तेवढ्यानं मागे हटतो, म्हणून खाली ओलं फडकं घाला.

इथे चुकतं ते असं: आधीच्या खेळातला तेलकट वास सगळ्या खळग्यांना राहतो आणि रिकाम्या खळग्यातही कुत्रा तितकाच वेळ घालवतो. प्रत्येक वेळी ताटली गरम पाण्यानं धुवा. आणि ती ताटली कुत्र्यासाठीच ठेवा, स्वयंपाकघरात परत नेली तर घरात बोलणी बसतील.

पायरी ३: खोके आणि खोली

पाच-सहा पुठ्ठ्याचे खोके, टाचण्या आणि चिकटपट्ट्या काढलेले. खाऊ एकाच खोक्यात, आणि प्रत्येक वेळी त्याच खोक्यात; खोक्याची जागा मात्र बदला. खोक्यावर पेननं खूण करून ठेवा. वेगवेगळ्या खोक्यांत खाऊ ठेवत गेलात तर तासाभरात सगळ्या खोक्यांना चिकनचा वास लागतो, आणि मग कुत्र्यानं काय शोधायचं?

सापडल्यावर त्याच खोक्यात वरून आणखी दोन तुकडे टाका. हातातून देऊ नका. बक्षीस नाकाजवळ मिळालं तर तो जमिनीकडे बघत राहतो, हातातून मिळालं तर तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. पुढे माळावर जाल तेव्हा हीच सवय सगळ्यात नडते.

चार-पाच दिवसांनी खोके काढून खाऊ खोलीत लपवा: सोफ्याच्या पायाशी, दाराच्या फटीत, पायपुसण्याखाली. आधी जमिनीलगत, नंतर गुडघ्याच्या उंचीवर. खेळ सुरू करण्यापूर्वी पंखा बंद करा. पंख्याखाली वास खोलीभर फिरतो आणि नवखा कुत्रा गोंधळतो.

पायरी ४: माणूस लपवा

आता खाऊचा वास मागे पडून माणसाचा वास पुढे यायला हवा. एकानं कुत्र्याला हार्नेसनं धरायचं. दुसऱ्यानं, शक्यतो कुत्र्याला ज्याचा लळा आहे त्यानं, खाऊ दाखवत दहा पावलं पळत जाऊन दाराआड व्हायचं. «हुडक» म्हणून सोडा. सापडला की लपलेल्यानं खाऊ द्यायचा, लाड करायचे, थोडी दंगामस्ती. घरातल्या लहान मुलांना या कामाला लावा. त्यांच्याइतकं मनापासून कुणी लपत नाही. मुलं लहान असतील आणि कुत्रा अंगावर झेप घेणारा असेल तर मुलाशेजारी मोठं माणूस लपवा.

पुढे पळताना न दाखवता लपा, मग गच्चीत, मग अंगणात. बीगल पटकन नाकावर येतो. कारवान-मुधोळ सुरुवातीला डोळ्यांनीच शोधतात: मान वर, कान ताठ, सगळीकडे नजर. त्यांच्यासाठी हा खेळ तिन्हीसांजेला, कमी उजेडात घ्या. आणि त्यांना रागावू नका. हे कुत्रे मनाला लावून घेतात. एकदा आवाज चढला की पुढचे दोन दिवस खेळायलाच येत नाहीत.

पायरी ५: गवतावरचा पहिला माग

खरं काम इथून सुरू होतं, तेव्हा ही पायरी घाईत उरकू नका.

जागा: घोट्यापर्यंत गवत असलेला सपाट माळ, त्या दिवशी कुणी न तुडवलेला. वेळ: सकाळी, दव असताना. कुत्र्याचं जेवण होऊन किमान तीन तास झालेले असावेत. भुकेला कुत्रा मन लावून हुंगतो. शिवाय खोल छातीच्या कुत्र्यांना जेवणावर दमवणं घातक असतं, पोट फुगून पीळ पडू शकतो.

कुत्र्याला गाडीत किंवा लांब सावलीत कुणाच्या तरी हाती ठेवा आणि माग असा घाला:

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोरून वारा असेल तर शेवटच्या डब्याचा वास थेट नाकात येतो आणि कुत्रा मान वर करून सरळ तिकडे धावतो, पावलं हुंगतच नाही.

सुरुवातीच्या जागी एक चौरस मीटर गवत पायांनी नीट तुडवा. त्यात पंधरा-वीस तुकडे पसरा. डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, खुणेची काडी रोवा.

तिथून सरळ रेषेत, पाय थोडे घासत, छोटी पावलं टाकत वीस पावलं चाला. प्रत्येक पावलाच्या ठशात टाचेजवळ एक तुकडा. सरळ जाण्यासाठी लांबचं एखादं झाड किंवा विजेचा खांब नजरेत धरा.

शेवटच्या पावलावर झाकण अर्धवट उघडा डबा ठेवा, त्यात मोठं बक्षीस.

तिथून आणखी चार पावलं पुढे जा आणि पंधरा-वीस मीटरचा मोठा वळसा घेऊन परत या. त्याच वाटेनं परत आलात तर एकमेकांवर दोन माग झाले, आणि तेही उलट दिशांचे. नवीन लोकांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

पाच मिनिटं थांबा. मग कुत्र्याला पाणी पाजून, हार्नेस घालून आणा. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. तुडवलेल्या चौकोनाशी आला की एकदाच «हुडक». त्याला तिथले तुकडे निवांत खाऊ द्या. तो स्वतः पहिल्या पावलाकडे वळेल तेव्हाच तुम्ही हला. मागे दोन मीटरवर राहा. दोरी किंचित ताणलेली, ओढलेली नाही. हाताला गुंडाळू तर अजिबात नका, कारवान सुटला तर बोटं मोडतील.

आता तोंड बंद. बोट दाखवायचं नाही, «इकडे इकडे» नाही, «शाब्बास» सुद्धा नाही. शाब्बास म्हटलं की तो मान वर करून मागे बघतो. माग कुठे गेलाय हे फक्त तुम्हाला माहीत आहे आणि ते न सांगणं भलतंच अवघड जातं. बाजूला भरकटला तर दोरी न ओढता जागेवर उभे राहा. दोरीची लांबी संपली की तो आपोआप थांबतो, घिरटी घेतो, परत येतो. अर्धा मिनिट वाट बघा. नाहीच सापडलं तर त्याला तीन-चार मीटर मागे, शेवटच्या नक्की ठिकाणी आणा आणि पुन्हा सोडा.

डब्यापाशी पोचला की मग हवं तेवढं कौतुक. दिवसाला असे दोन माग, दोन्हींत पुरेसं अंतर ठेवून. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. पिल्लाला पाच मिनिटं, मोठ्याला पंधरा. अजून हवंय असं त्याला वाटत असतानाच बंद करा.

पायरी ६: लांबी आणि वळण

एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. लांबी वाढवली तर खाऊ दाटच ठेवा. खाऊ विरळ केला तर लांबी तीच. वीस पावलांवर तो मान न उचलता जायला लागला की तीस, पन्नास, शंभर. मग खाऊ दुसऱ्या पावलाला, तिसऱ्याला, मधेच लागोपाठ तीन, मग सात पावलं काहीच नाही. ठराविक अंतर ठेवलंत तर कुत्रा ते अंतर शिकतो आणि मधली पावलं उड्या मारत जातो. बीगल यात विशेष तरबेज.

वळण आधी बाकदार: मोठ्या ताटाच्या कडेसारखं, पंधरा-वीस पावलांत हळूहळू वळणारं. ते जमलं की काटकोन. काटकोनाच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या दहा पावलांत प्रत्येक ठशात खाऊ. कुत्रा बहुतेक वेळा वळणापुढे दोन-तीन मीटर जातो आणि मग त्याच्या लक्षात येतं. तेव्हा त्याच्याकडे नीट बघा: श्वासाचा फुसफुस आवाज बदलतो, मान उचलली जाते, शेपटीची लय तुटते. परत माग सापडला की मान झटक्यात खाली. ही भाषा तुम्हाला कळायला लागली की पुढे अनोळखी मागावरही त्याच्यावर विश्वास टाकता येतो.

वळणावर तुम्हीही वळलात तर शिकवणी फुकट गेली. तो दोरीतून सांगेपर्यंत जागचे हलू नका.

वहीत दर वेळी आराखडा काढा: सुरुवात, वाऱ्याचा बाण, पावलांचा आकडा, वळण, शेवट. गवतात स्वतःचा माग पाच मिनिटांत दिसेनासा होतो, आणि तो कुठून गेला हेच आठवत नसेल तर कुत्रा बरोबर आहे की चूक हे कसं ठरवणार? खुणेच्या काड्या मागापासून हातभर बाजूला, कधी डावीकडे कधी उजवीकडे. हुशार कुत्रा काड्याच वाचायला लागतो, म्हणून हळूहळू काड्या कमी करून झाड, दगड, बांध अशा खुणांवर या.

पायरी ७: माग शिळा करा

माग घातल्यावर थांबायचा वेळ वाढवा: पाच मिनिटं, दहा, वीस, अर्धा तास, तास. या काळात मुंग्या खाऊ पळवतात आणि साळुंक्या-कावळे तर तुमच्या मागेच येतात. म्हणून शिळ्या मागावर उघडा खाऊ न टाकता दोन-तीन छोट्या झाकणाच्या डब्या ठेवा. कुत्रा डबीवर नाक टेकून थांबला की तुम्ही उघडून द्यायचं.

उघडा खाऊ कमी करण्याचं आणखी एक कारण आहे. जमिनीवरचं खायला आपणच शिकवतोय, आणि उसाच्या शेतांत उंदरांसाठी विषारी आमिष ठेवलेलं असतं. तेव्हा दोन नियम: हार्नेस घातल्याशिवाय आणि «हुडक» म्हटल्याशिवाय जमिनीवरचं काही खायचं नाही, आणि «सोड» म्हटलं की तोंडातलं टाकायचं. «सोड» घरात वेगळं, रोज दोन मिनिटं पक्कं करा. ते पक्कं नसेल तर शेतात नेऊच नका.

गवत जमलं की बाकीची जमीन: सोयाबीन-भुईमूग काढून झालेली रानं, नांगरट, मुरूम, शेवटी काँक्रीट आणि डांबर. प्रत्येक नव्या जमिनीवर पुन्हा छोटा, ताजा, भरपूर खाऊचा माग.

पायरी ८: वस्तू दाखवणं

हातभर लांब नाही, वीतभर कापडाचा तुकडा घ्या आणि अर्धा तास खिशात ठेवा. घरातच शिकवा: तुकडा जमिनीवर, त्यावर नाक, लगेच «बस», लगेच खाऊ, तोही तुकड्यावरच ठेवून. मग तो तुकडा मागाच्या शेवटी डब्याच्या जागी, नंतर मागाच्या मधे. आधी कापड आणि लोकर, मग चामडं, मग लाकूड, सगळ्यात शेवटी धातू. धातूवर वास कमी धरतो. चामड्यासाठी जुनी चप्पल कापू नका. चप्पल म्हणजे बक्षीस हे एकदा शिकला की दारातल्या सगळ्या चपलांची खैर नाही.

कुठे आणि केव्हा

रंकाळ्याचा काठ या कामाचा नाही. माणसं, भेळेच्या गाड्या, भटकी कुत्री. नवख्या कुत्र्याला तिथे शंभर वास एकदम येतात. विद्यापीठाच्या आवारासारख्या जागी परवानगीशिवाय लांब दोरी सोडू नका. शहराबाहेरची ओळखीच्या माणसाची पडीक रानं आणि गायरानं बरी. जोतिबाच्या बाजूला जात असाल तर यात्रेचे दिवस टाळा. गुलालाच्या धुळीत नाक लावून काही उपयोग नाही. उतारावर सकाळी ऊन तापलं की हवा वर चढते, संध्याकाळी गार हवा खाली उतरते, आणि वास तिच्याबरोबर जातो. सुरुवातीचे माग सपाटीलाच घाला.

उभ्या उसात कुत्रा सोडायचा नाही. साप असतात, रानडुक्कर असतं, आणि आत गेलेला कुत्रा दिसतही नाही. पाचट जाळलेल्या फडातली राख आणि नुकतंच तणनाशक मारलेलं रान, दोन्ही वर्ज्य. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नका. ससा, मोर, घोरपड यांच्या मागे कुत्रा लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. नुसता पाठलाग करवणंसुद्धा शिकारीतच मोडतं. कारवानच्या बाबतीत «आपोआप गेला» हे कारण चालत नाही. दोरी शेवटपर्यंत हातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत चांगले महिने: दव, गार हवा, रानं मोकळी. मार्च ते मे सूर्य वर यायच्या आत संपवा. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पायही भाजतील. जास्त धापा, लालभडक हिरड्या, चिकट लाळ, झोकांडी ही उष्माघाताची लक्षणं. साधं पाणी पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतत राहा आणि पशुवैद्यांकडे न्या. पावसाळ्यात उघडीप बघून जा. भुरभुर पावसात माग उलट चांगला टिकतो, धो-धो पावसात धुऊन जातो. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका आणि लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) लस वेळेवर घ्या, पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरून गेलेल्या भागात तर नक्कीच.

अडलं तर

*मान वर करून धावतो:* वारा समोरून होता, किंवा खाऊ फार लवकर विरळ केला. वीस पावलांवर परत या.

*सुरुवातीलाच निघत नाही, तुमच्याकडे बघतो:* आधी बोटानं दाखवलेलं असणार. आठवडाभर छोटे माग, तुम्ही पूर्ण गप्प.

*जांभया देतो, अंग खाजवतो, भलतीकडे गवत खातो:* कामाचा ताण आला आहे किंवा दमलाय. त्याला सोप्या ठिकाणी एक डबी मिळवून द्या आणि घरी चला.

*आणलेला खाऊ खात नाही:* बहुतेक उकाडा, नाहीतर पोट भरलेलं. दोन दिवस न खाल्लं तर तपासून घ्या. गोचीडताप सुरू होताना भूकच आधी जाते.

*फार वेगानं ओढतो:* १० मीटरची दोरी परत ५ वर आणा, प्रत्येक ठशात खाऊ ठेवा आणि तुकडे आणखी बारीक करा. बारीक तुकडा गवतात शोधायला वेळ लागतो, वेग आपोआप उतरतो.

*घरी आल्यावर सारखा शिंकतो किंवा डोकं झटकतो:* नाकात किंवा कानात कुसळ गेलं असेल. दर वेळी परतल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या पाळ्या, काखा आणि शेपटीचं बूड चाचपून गोचीड आणि कुसळं काढा. बीगल-बॅसेटचे लोंबते कान दवात भिजतात, ते आतून कोरडे पुसा. एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येत असेल तर चिमटा घालत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.